खर्ऱ्याला आपण नशा का म्हणत नाही?

रमजानमध्ये मोमिनपुऱ्यात इफ्तारच्या वेळी एक दृश्य हमखास दिसते. मगरिबची अजान होते, खजूर आणि पाण्याने रोजा सुटतो, नमाज होते आणि जेवायला बसण्याआधी काही माणसे पानठेल्याकडे वळतात. ठेलेवाल्याने खर्रे आधीच घोटून ठेवलेले असतात. पहिली चिमूट गालात गेली की चेहऱ्यावरचा दिवसभराचा ताण उतरतो. सगळा दिवस अन्नपाण्यावाचून सबुरीने काढलेला माणूस खर्ऱ्यासाठी पाच मिनिटे थांबायला तयार नसतो. यांच्यातल्या बहुतेकांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. ‘नशा करता का?’ असे विचारले तर ते रागावतील, आणि त्यांचा राग खोटा नसेल.

नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. बारीक कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत टाकून हाताने जोरजोरात घोटायचे, थोडे पाणी शिंपडायचे, की खर्रा तयार. नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या भागात तो जितका चालतो तितका चहाही चालत नसेल. लग्नात, मयतीत, कचेरीच्या दारात, निवडणुकीच्या मांडवात तो असतोच. इतरत्र याच मिश्रणाला मावा म्हणतात. नागपुरात ओळख करून घ्यायची रीतही तीच : ‘खर्रा हाये का बे?’ पन्नी पुढे करणाऱ्याला जात-धर्म विचारला जात नाही. आपल्या शहरात खऱ्या अर्थाने सर्वधर्मीय असलेल्या गोष्टी मोजक्या आहेत, त्यातली ही एक.

माझे मामू पॉवरलूमवर रात्रपाळी करायचे. रात्री लूमवर झोप लागणे म्हणजे धागा तुटणे, कापड खराब होणे आणि मजुरी कापली जाणे. खर्रा झोप येऊ देत नसे आणि भूकही मारत असे. रात्रीचा डबा पुष्कळदा तसाच परत यायचा. मुमानी कुरकुर करायच्या, तर मामूंचे उत्तर ठरलेले : ‘कोई नशा थोड़ी कर रहा हूँ.’ एका ईदला त्यांनी शीरखुर्म्याची वाटी हातात घेतली आणि चमचा नेहमीसारखा तोंडात गेला नाही. त्यांनी तो आडवा केला, उभा केला, मग वाटीच तोंडाला लावली. आम्ही हसलो. तेही हसले. दंतवैद्याने नंतर त्यांना स्वतःची तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात घालायला सांगितली, तेव्हा दीडच बोट गेले.

मामूंच्या आजारपणात माझ्या डोक्यात एक प्रश्न घर करून बसला. ज्या घरात हलाल-हराम इतके काटेकोर पाळले जाते, औषधाच्या बाटलीवर अल्कोहोल लिहिलेले दिसले तरी दोनदा विचारले जाते, त्या घरात ही वस्तू कुणी न अडवता शिरली कशी? याचे उत्तर शोधायचे तर सुपारी आणि तंबाखू वेगवेगळ्या वाटांनी आपल्याकडे कशा आल्या ते पाहावे लागते.

सुपारी जुनी. अरबीत तिला फौफल म्हणतात, आणि पानाला तंबूल, म्हणजे आपलाच ताम्बूल. चौदाव्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या इब्न बतुताने पान खाण्याची रीत बारकाईने नोंदवली आहे. आधी सुपारी फोडून चघळायची, मग चुना लावलेले पान. श्वास सुगंधी होतो, अन्न पचते, असे तो कौतुकाने सांगतो. इथले लोक सोन्याचांदीपेक्षा पानाच्या भेटीला मोठा मान समजतात, हेही त्याच्या लक्षात आले होते. हा काझी माणूस होता, हे इथे ध्यानात ठेवले पाहिजे. दारू पिणाऱ्यांविषयी तो कडक आहे, पानाविषयी त्याला काहीच खटकत नाही. त्यानंतर शंभर वर्षांनी, १४४३ मध्ये, तैमूरी दरबाराचा वकील अब्दुर्रज्जाक समरकंदी विजयनगरला पोहोचला. पान खाल्ल्यावर चेहरा उजळतो, भूक शमते आणि दारूसारखी धुंदी येते, असे त्याने लिहून ठेवले. म्हणजे नवख्या तोंडाला जे कळले ते सवयीच्या तोंडाला कळत नव्हते. आपल्या मराठीतही त्याची खूण आहे. ‘सुपारी लागली’ असे आपण म्हणतो. कधी न खाणाऱ्याने एखादी कच्ची सुपारी चघळली की घाम फुटतो, छाती भरून येते, गरगरते. मग त्याला पाणी पाजून बसवले जाते आणि मंडळी हसतात. लागते ते विष, हे भाषेला ठाऊक होते.

नागपूरला पान परके कधीच नव्हते. रामटेकचे पानमळे प्रसिद्ध आहेत आणि ते पिकवणारा बारई समाज या भागात जुना. १९१६ मध्ये रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातीजमातींवर जो ग्रंथ काढला, त्यात बारई समाजाची एक कथा आहे. पांडवांना पान हवे होते, म्हणून पाताळातल्या नागराणीने आपल्या करंगळीचे पेर तोडून दिले. ते पेरले आणि वेल उगवली, म्हणून ती नागवेल. कथा सुंदर आहे. पण या पानाचे आणि खर्ऱ्याचे नाते आता फारसे उरलेले नाही. पान निघून गेले आणि सुपारी उरली. पानाच्या विड्यात सुपारी चार तुकडे असायची, खर्ऱ्यात बहुतेक ऐवज तिचाच असतो. हा बदल मला तंबाखूइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण आपण बोलतो तेव्हा सगळा दोष तंबाखूवर टाकून सुपारीला ‘साधी’ म्हणत सोडून देतो. ‘साधी सुपारी’ हा शब्दच पाहा.

तंबाखूची गोष्ट नवी आहे आणि ती दख्खनमधून उत्तरेला गेली, उलट दिशेने नाही. पोर्तुगीजांबरोबर ती गोव्याच्या किनाऱ्यावर आली आणि तिथून आदिलशाहीत पसरली. १६०३-०४ च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग विजापूरला गेला होता. काम होते इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या मुलीला शहजादा दानियालशी लग्नासाठी घेऊन येण्याचे. हे लग्न पैठणजवळ गोदावरीच्या काठी लागले. विजापुरात असद बेगला तंबाखू दिसली. हिंदुस्थानात त्याने अशी वस्तू पूर्वी पाहिली नव्हती. त्याने जडावाचा हुक्का तयार करवला आणि नजराण्यांत मांडून आग्र्याला अकबरासमोर ठेवला.

पुढचा प्रसंग असद बेगनेच लिहून ठेवला आहे आणि तो आजही वाचण्यासारखा आहे. बादशहाने विचारले, हे काय? मिर्झा अजीज कोका म्हणाला, ही तंबाखू, मक्का-मदिनेतही हिला ओळखतात. अकबराने दोन-चार झुरके घेतले. हकीम मात्र अस्वस्थ झाला. त्याचे म्हणणे असे की ही वस्तू पारखलेली नाही, आपल्या हकिमांच्या कोणत्याही ग्रंथात तिच्याविषयी काही नाही, तेव्हा बादशहाने ती घेऊ नये. यावर असद बेग वाद घालतो. फिरंगी काही मूर्ख नाहीत, त्यांच्यातही शहाणे लोक आहेत, आणि जगातली प्रत्येक वस्तू कधीतरी नवीच होती. ग्रंथात नाही म्हणून नाकारायचे तर नवे औषध येणारच कुठून? अकबराला हा युक्तिवाद आवडला. अकबर पुढे ओढत राहिला नाही, पण असद बेगने सरदारांना तंबाखू वाटली, त्यांनी आणखी मागवली, आणि व्यापाऱ्यांनी विकायला सुरुवात केली.

मला या वादात दोघेही पटतात, अडचण तीच आहे. असद बेग विवेकाच्या बाजूने बोलतो, पोथीनिष्ठेच्या विरोधात बोलतो. आज मी कुठल्याही सभेत त्याच्याच बाजूला बसेन. आणि तरीही हकीम बरोबर होता. त्याच्याकडे पुरावा नव्हता, फक्त सावधपणा होता. पुरावा यायला साडेतीनशे वर्षे लागली.

त्याच सोयरिकीतला दानियाल १६०५ मध्ये बऱ्हाणपूरला दारूने मेला. पहारे बसवलेले असताना बंदुकीच्या नळीतून लपवून दारू आणली गेली होती. त्याचा भाऊ जहांगीर स्वतः दारू आणि अफूच्या आहारी गेलेला, आणि त्यानेच १६१७ मध्ये तंबाखूवर बंदी घातली. बंदीचा उपयोग झाला नाही, हे सांगायला नको.

अशा वस्तूंवर मुस्लिम जगात मोठे वाद झालेले आहेत, आपल्या मोहल्ल्यात त्यांची आठवण नाही इतकेच. कॉफीचे घ्या. पंधराव्या शतकात येमेनचे सूफी रात्रीच्या जिक्रसाठी जागे राहायला ती पीत. १५११ मध्ये मक्केत खैर बेगने तिला हराम ठरवून बियांचे ढीग जाळले, आणि थोड्याच काळात तो हुकूम मागे पडला. परंपरा सांगते की आपल्या चिकमंगळूरच्या डोंगरावर बाबा बुढण यांनी याच येमेनमधून सात बिया आणल्या. येमेनमध्येच ‘कात’ नावाच्या झुडपाची कोवळी पाने चघळतात. त्यांनी हुशारी येते, भूक मरते, गप्पा रंगतात. सोळाव्या शतकातले शाफई फकीह इब्न हजर हैतमी यांच्यापुढे तो प्रश्न आला. त्यांनी त्यावर स्वतंत्र पुस्तिका लिहून सावधगिरीचा इशारा दिला, पण ठामपणे हराम म्हटले नाही.

अडचण कुठे होती ते समजून घेतले पाहिजे. फिकहमध्ये ‘मुस्किर’ म्हणजे शुद्ध हरपवणारे ते हराम. अबू दाऊदच्या संग्रहात उम्मे सलमा यांच्याकडून आलेल्या एका हदीसमध्ये मुस्किरबरोबर ‘मुफत्तिर’ हाही शब्द येतो, म्हणजे अंग सुस्त आणि ढिले करणारे. आता कॉफी, कात, सुपारी, तंबाखू यांचे काय करायचे? यांनी शुद्ध जात नाही, उलट येते. सुस्ती येत नाही, तरतरी येते. लूमवरचा माणूस जागा राहतो, नमाज चुकत नाही, बायकोवर हात उचलत नाही, गटारात पडत नाही. नशेची आपली सगळी व्याख्या अकलेवर पडदा पडण्याभोवती उभी आहे, आणि या वस्तू तो पडदा पाडतच नाहीत. त्या जाळ्याच्या छिद्रातून निसटल्या. ही फक्त मुसलमानांची गोष्ट नाही. माळ घातलेले माझे वारकरी मित्र मांस-मद्याला शिवत नाहीत आणि कमरेला चंची बाळगतात.

तंबाखूवर तर ऑटोमन सुलतान मुराद चौथा याने १६३३ मध्ये मृत्युदंडापर्यंत मजल नेली. त्याच काळातल्या कातिब चेलेबीने लिहिले आहे की शिक्षा होत असतानाही सैनिक बाहीत आखूड चिलमी लपवून संधी मिळताच ओढत. दमिश्कचे अब्दुल गनी नाबलुसी, जे स्वतः सूफी आणि मोठे हनफी आलिम, त्यांनी पुढे तंबाखू मुबाह असल्याच्या बाजूने ग्रंथ लिहिला. दोन्ही बाजूंनी विद्वान होते. आपल्याकडे त्या वादातून एवढेच झिरपले : ‘मकरूह आहे, हराम थोडेच.’ आणि मकरूह या शब्दाचा अर्थ व्यवहारात ‘चालते’ असा झाला.

नाबलुसींना जे ठाऊक असणे शक्य नव्हते ते आपल्याला ठाऊक आहे. सुपारीत अरेकोलिन असते. ते मज्जासंस्थेला चेतवते, लाळ सुटते, नाडी वाढते, अंग गरम होते, लक्ष टोकदार होते. तंबाखूत निकोटिन. खर्ऱ्यात दोन्ही उत्तेजके एका चिमटीत येतात, आणि चुना दोघांनाही मोकळे करून गालाच्या अस्तरातून वेगाने रक्तात पोहोचवतो. घोटायचे कारण तेच, नुसते मिसळणे नव्हे. तलफ जोरात येते कारण पोहोच जलद आहे. पण तोंड बंद होते ते या तरतरीमुळे नाही. सुपारीतल्या क्षारांमुळे आणि तिच्यातल्या तांब्यामुळे गालाच्या आत कोलॅजनचे तंतू साचत जातात, घट्ट विणले जातात आणि विरघळत नाहीत. गाल आतून दोरखंडासारखा लागतो. तिखट लागेनासे होते, म्हणजे सहन होत नाही, जीभ बाहेर येत नाही, शिट्टी वाजत नाही, फुगा फुगवता येत नाही. सुपारी सोडल्यावर वाढ थांबू शकते, पण तयार झालेले पट्टे बहुधा परत जात नाहीत.

या रोगाची आधुनिक नोंद १९५२ ची, तीही आफ्रिकेतली. केनियात राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडात श्वार्ट्झ यांना तो आढळला. माणसे समुद्रापार गेली तरी सुपारी सोबत गेली होती. पुढच्याच वर्षी मुंबईत डॉ. जोशी यांनी त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हटले, आणि १९५६ मध्ये मुंबईतच डॉ. पेमास्टर यांनी अशा रुग्णांत कर्करोग होताना पाहिला. म्हणजे मराठी मुलखातच हे सगळे उघड झाले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मात्र १९८५ मध्ये फक्त तंबाखूसह पान खाण्यालाच कर्करोगकारक ठरवले, तंबाखूविरहित सुपारीबाबत पुरावा अपुरा मानला. २००३ च्या बैठकीत तिने नुसती सुपारीही कर्करोगकारक असल्याचा निष्कर्ष काढला. ‘साधी सुपारी’ तेव्हा संपायला हवी होती.

नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी २००७ मध्ये मध्य भारतातल्या अशा एक हजार रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका शहरातल्या एका रुग्णालयाला या एका रोगाचे हजार रुग्ण मिळावेत, यातच काय ते आले. त्यात एका स्त्रीमागे जवळपास पाच पुरुष होते आणि तिशीच्या आत हा रोग होण्याचे प्रमाण स्त्रियांपेक्षा पुरुषांत जास्त होते. पुरुषांत गुटखा आणि खर्रा, स्त्रियांत बरेचदा नुसती सुपारी. आपल्या आया-मावश्या जेवणानंतर जी सुपारी कातरतात ती.

कायद्याने काय केले? राज्याने २००२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, ती २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. जुलै २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याखाली पुन्हा बंदी आली, नंतर सुगंधी तंबाखू आणि सुगंधी सुपारीही तिच्या कक्षेत आली. गुटखा महाग झाला आणि लपून मिळू लागला. आमच्या भागात त्याने खर्ऱ्याचेच फावले. गुटख्याला कारखाना होता, पुडी होती, पुडीवर कवटी किंवा सडलेल्या गालाचे चित्र छापता येत होते. खर्ऱ्याला कारखाना नाही. सुपारी वेगळी विकत घेता येते, तंबाखू वेगळी, चुना वेगळा, आणि गुन्हा झालाच तर ठेलेवाल्याच्या तळहातात होतो. पन्नीवर चित्र कुठे छापणार? २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी आली तेव्हा खर्ऱ्याच्या पन्नीचे काय होणार याची चर्चा ठेल्यावर रंगली होती. पन्नीही टिकली. तिकडे निकृष्ट आयात सुपारीच्या नागपुरातल्या व्यापाराचे प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले आणि तपास सीबीआयपर्यंत पोहोचला. हा धंदा ठेल्याएवढा छोटा नाही, हे त्यावरून कळावे.

ठेलेवाल्यांवर मला राग धरता येत नाही. आमच्या गल्लीतला ठेलेवाला दिवसभर घोटून घोटून मनगट धरून बसतो, त्याच्या दोन मुली शाळेत आहेत. राग यायचाच तर मला माझ्यासारख्यांचा येतो. कॉलेजात मीही चार वर्षे खात होतो. परीक्षेच्या रात्री जागायला मामूंकडूनच पहिला घेतला होता. मी सुटलो त्याचे श्रेय निग्रहाला नाही, बाहेरगावी नोकरी लागली आणि तिथे खर्रा मिळत नव्हता. आजही आरशासमोर अधूनमधून तीन बोटे घालून पाहतो.

मामूंच्या गालात पुढे गाठ निघाली. ऑपरेशनमध्ये जबड्याचा एक भाग गेला, नंतर अडीच वर्षे ते पातळ डाळ आणि नळीवर होते. शेवटच्या रमजानमध्ये त्यांना रोजे माफ होते, तरी इफ्तारला दस्तरखानावर येऊन बसत आणि खजुराचा लहानसा तुकडा पाण्यात कुस्करून घेत.

ते गेल्यावर मी आमच्या मशिदीच्या इमामसाहेबांकडे गेलो. जुम्याच्या बयानात एकदा यावर बोला, अशी विनंती केली. आपल्या हाताने स्वतःला हलाकतीत टाकू नये, हे तर कुराणच सांगते, तुम्ही मसला सांगू नका, दवाखान्यात काय दिसते तेवढेच सांगा, असे म्हणालो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. भले गृहस्थ आहेत. म्हणाले, ‘बेटा, दारूवर बोललो तर सगळे मान डोलावतात. यावर बोललो तर पहिल्या सफमधली अर्धी माणसे खाली बघतील.’ मी म्हणालो, बघू द्या. ते बघतो म्हणाले.

ते बयान अजून झालेले नाही. वजूखान्याच्या भिंतीवर मात्र कमिटीने नवी पाटी लावली आहे : ‘यहाँ खर्रा न थूकें.’